गोजरआत्यानं सोडलेलं

आमच्या गोजरआत्याला जेवायला वाढणं ही मोठी पंचाईत होती. वांग्याची भाजी वाढायला जावं तर वांगं तिनं सोडलेलं. गूळ पुढे करावा तर तोही सोडलेला. चहा सोडलेला, पेरू सोडलेला, शेंगदाण्याची चटणीसुद्धा सोडलेली. पाव्हणी म्हणून कुणाकडे गेली तर यजमानीण रडकुंडीला यायची.

सोडणं म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे असाल तर सांगतो. घरात कुणी आजारी पडलं, काही अडलं, की देवापुढे उभं राहायचं आणि मनातल्या मनात म्हणायचं, एवढं पार पडू दे, मी अमुक सोडते. मग ती गोष्ट जन्मभर तोंडाला लावायची नाही. बऱ्याच बायका सोडतात. त्यातल्या शहाण्या असतात त्या कवठ किंवा रामफळ असलं वर्षातून एकदा दिसणारं काहीतरी सोडतात आणि मोकळ्या होतात. आत्याला हा व्यवहार कधी जमला नाही. तिचं म्हणणं, देवाला फसवायचं असेल तर जायचंच कशाला? जे सुटता सुटत नाही तेच सोडायचं. लहानपणी मला मुदतीचा ताप आला तेव्हा तिनं वांगं सोडलं, कारण वांगं म्हणजे तिचा जीव की प्राण. मी एसटीत कंडक्टर म्हणून लागावं म्हणून चहा सोडला. नोकरी लागली, आणि मी जन्मभर रोज आठ-दहा कप चहा पीत राहिलो. ती समोर असली की मात्र कप घेऊन ओसरीवर जायचो.

तिचा एक कडक नियम होता. काय सोडलं ते तोंडानं सांगायचं नाही. सांगितलं की लागू होत नाही. त्यामुळे आम्ही घरातली माणसं तिच्या ताटाकडे बघून ओळखायचो. ताटात एखादी गोष्ट येईनाशी झाली की माय म्हणायची, "वन्सं, आता हे बी गेलं का?" आणि आत्या नुसती हसायची.

हे सांगताना मीही पूर्वी हसायचो. आता हसू येत नाही. कारण तिनं सगळ्यात शेवटी जे सोडलं ते ताटातलं नव्हतं, आणि म्हणून ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही.

आमचं गाव हसनाबाद, भोकरदन तालुका. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, रामरावांची, थोरली बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून परत पाठवली. तेव्हापासून ती आमच्याच घरी. माय दिवसभर शेतात, त्यामुळे माझी धाकटी बहीण नंदा आत्याच्याच मांडीवर वाढली. आत्याला मूल नव्हतं असं कुणी म्हटलं की ती चिडायची. "ही काय मंग, झाडाला लागली का?" म्हणून नंदाला पुढे ओढायची.

जालना जिल्हा वेगळा झाला त्याच सुमाराला आत्याला दमा लागला. जिल्ह्याचा आणि दम्याचा काही संबंध नाही, पण तेव्हाच आमच्याकडच्या बांधांवर, पडीक रानात, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाजर गवत बेफाम माजलं. पांढऱ्या बारीक फुलांचं, दिसायला गरीब. ते फुललं की आत्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. दिवाळीच्या दिवसांत तर तिला आडवं होता यायचं नाही. गोधड्यांच्या थप्पीला टेकून ती बसून राहायची, खांदे वर उचललेले, तोंड उघडं, आणि डोळे आमच्याकडे. श्वास आत जायचा पण बाहेर यायला मागायचा नाही. ते बघवत नसे. मी ड्यूटीचं निमित्त काढून बाहेर पडायचो.

उपाय करायचे ते सगळे झाले. अडुळसा झाला, रुईच्या पानांचा शेक झाला, अंगारे झाले. कुणी सांगितलं, मृगाला हैदराबादला जा, जिवंत मासा औषधासकट गिळायचा असतो. आत्या माळकरी, तिनं कानांवर हात ठेवले. मग तोच माणूस म्हणाला, शाकाहारी लोकांना ते औषध गुळात देतात. पण गूळ तर सोडलेला! झालं, मिटला विषय.

शेवटी मीच तिला माझ्या बसमध्ये घालून औरंगाबादला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं चिंचोलीकर म्हणून एक तरुण डॉक्टरबाई होत्या. दम्याच्या माणसांच्या थुंकीतल्या पेशींवर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांनी आत्याची थुंकी घेतली, रक्त घेतलं, काचेवर रंग टाकून काहीतरी केलं आणि आत्याला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. डॉक्टर लोक असं करत नाहीत, म्हणून मला ते आवडलं. आत्यानं एक डोळा मिटून आत बघितलं. नंतर मीही बघितलं. गोलसर पेशी, आणि त्यांच्या पोटात गुलाबी-लाल दाणे गच्च भरलेले.

"हे माझ्यातलं हाय?" आत्यानं विचारलं.

"तुमच्यातलंच," बाई म्हणाल्या. "शेतात जागल्या ठेवता ना राखणीला? हे अंगातले जागले. चोर आला, रोगाचा जंतू आला, की यांनी गोफण फिरवायची. तुमचे जागले बिथरलेत. वाऱ्यानं फुलाची धूळ आली तरी त्यांना चोर वाटतो. मग गोफणीचे दगड कुठे लागतात? तुमच्याच घराला. तुमची छाती सुजते ती यांच्यामुळे."

आत्याला ते पटलं. तिला डॉक्टरी भाषेपेक्षा जागल्याची भाषा बरी कळायची. बाईही रंगात आल्या. म्हणाल्या, परदेशात आता माणसाला दुसऱ्याचं, मेलेल्या माणसाचं फुफ्फुस बसवतात. बसतं, चालू होतं, पण अंगातले जागले त्याला ओळखत नाहीत. तुटून पडतात आणि ते नासवतात. मग त्यांना शांत ठेवायला जन्मभर औषधं. "माझा अभ्यास याच पेशींचा आहे, गोजरबाई. त्या कुणाला आपलं म्हणतात आणि कुणाला परकं, हे कळलं तर खूप कोडी सुटतील."

मग त्यांनी गोळी दिली. बारीक, पांढरी, कडू. "ही जागल्यांना झोपवते," म्हणाल्या.

आत्यानं तिथल्या तिथं विचारलं, "अन् जागल्या झोपला, अन् तवाच खरा चोर आला मंग?"

बाई म्हणाल्या, "बरोबर विचारलंत. म्हणून ही गोळी मी सांगेन तेवढीच घ्यायची आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आणि मनानं एकदम बंदही करायची नाही. तुमचं अंग या गोळीच्या भरवशावर राहायला लागेल. गोळी अचानक काढून घेतली तर अंग कोलमडेल. जीव जाईल. कळलं?"

"कळलं," आत्या म्हणाली. मीही मान हलवली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. मग म्हणाली, "भुजंगा, ते दुसऱ्याच्या फुफ्फुसाचं आयकलं का? सासरी गेलेल्या पोरीवानीच की रे. तिनं कितीबी राबू दे, घर म्हन्तंय, ही आमची न्हाई." मी तिकिटं फाडत पुढे सरकलो.

गोळीनं चमत्कार केला. शिट्टी थांबली. आत्या अंगणात झोपायला लागली, शेतात जायला लागली. आणि महिन्या-दोन महिन्यांत तिचं अंग भरलं. गाल असे गोल झाले की डोळे बारीक दिसायला लागले. बाई म्हणाल्या होत्या की या गोळीनं चेहरा सुजतो, ती सूज आहे, तब्येत नव्हे. पण आमच्या गावात चेहरा भरला म्हणजे माणूस सुधारला. जो तो म्हणायचा, "गोजरबाईनं अंग धरलं बरं!" आत्या त्या वयात पहिल्यांदा आरशात बघून खूश झाली.

आता नंदाचं सांगतो. नंदा तेव्हा लग्नाला आलेली. दिसायला चांगली, हुशार, पण अंगानं काडी. बघायला यायचे, पोहे खायचे, आणि निरोप पाठवायचे, पोरगी अशक्त दिसती. एका बाईनं तर नंदाचा दंड सगळ्यांसमोर चिमटीत धरून बघितला होता, बाजारात शेळी बघतात तसा. मी असतो तर त्या बाईला गावाबाहेर काढली असती. नंदा त्या दिवशी जेवली नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. माझे आजोबा रखमाजी त्याआधी दोन हिवाळे ओसरीवर खोकत पडलेले असायचे. म्हातारपणाची छाती म्हणून आम्ही सोडून दिलं. त्यांची थुंकीची राखेची वाटी रोज नंदा साफ करायची. ते खोकतच गेले. नंदाला काही झालं नाही. तिच्या अंगातले जागले धडधाकट होते, त्यांनी चोराला कुठल्या तरी कोपऱ्यात कोंडून ठेवलं होतं. हे सगळं नंतर कळलं.

त्या दंड धरणाऱ्या बाईनंतर आत्यानं ठरवलं. आपल्याला अंग धरलं, मग पोरीला का धरणार नाही? रोज सकाळी दुधाबरोबर ती नंदाला एक पांढरी गोळी द्यायला लागली. शक्तीची म्हणून. मायला माहीत होतं, मायला वाटलं बरंच आहे. गोळ्या तालुक्याच्या दुकानात मिळायच्या, कुणी काही विचारायचं नाही. आत्या डॉक्टरबाईंचं बोलणं विसरली होती असं नाही. तिनं तिचा अर्थ लावला. मला एकदा कौतुकानं म्हणाली होती, "बाई म्हन्ल्या, दुसऱ्याला द्यायची न्हाई. पण नंदी काय दुसरी हाय का?" कशाबद्दल बोलत होती ते मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, दागिन्याबिगिन्याचं असेल.

नंदाचे गाल भरले. चेहरा चंद्रासारखा झाला, माय दृष्ट काढायला लागली. पुढचं स्थळ आलं ते तीर्थपुरीचं. मुलाचं नाव धर्मराज, खता-बियाण्याच्या दुकानात कामाला, सरळ माणूस. त्याची आई उषाबाई नंदाकडे बघून म्हणाली, "लक्ष्मी हाय बगा." कुंकू लावलं, साखर वाटली, तारीख धरली. आत्यानं त्या दिवशी अख्ख्या गल्लीला जेवण दिलं आणि स्वतः वांगं, गूळ, चहा सोडून उरलेलं जेवली.

लग्नाच्या बांगड्या भरायला आमची कासारीण कांताबाई आली. बायका गोल करून बसल्या. कांताबाईनं नंदाचा चेहरा बघून हिशेबानं मोठ्या मापाचा हिरवा चुडा काढला आणि हात धरला. पहिली बांगडी अडली नाही. मनगटावरून सरकली ती थेट कोपरापर्यंत गेली. कांताबाईनं दुसरी घातली, तीही गेली. तिनं बाही वर सारली. दंड नुसतं हाड. कांताबाईनं एकदा वर चेहऱ्याकडे बघितलं, एकदा हाताकडे. "का गं बाय," ती हळू आवाजात म्हणाली, "तोंड एकीचं अन् हात दुसरीचा काहून?"

बायका हसल्या. नंदाही हसली आणि हसताना तिला खोकला आला. तो थांबेना. तिनं पदर तोंडाला लावला. पदर बाजूला केला तेव्हा त्याच्यावर रक्त होतं. हसणं एकदम बंद झालं. कांताबाईनं चढवलेल्या दोन बांगड्या परत उतरवून घेतल्या आणि न बोलता टोपली बांधली. त्या बांगड्या उतरताना झालेला आवाज माझी माय मरेपर्यंत विसरली नाही.

औरंगाबादला त्याच डॉक्टरबाई. एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना वर ढग धरल्यासारखे डाग. टीबी, आणि चांगलाच पसरलेला. घरात आधी कुणी खोकत होतं का, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी आजोबांचं सांगितलं. बाईंनी नंदाचा गोल चेहरा न्याहाळला, बारीक हात न्याहाळले, आणि त्यांचा आवाज बदलला. "ही काही गोळी घेते का?"

माय जमिनीकडे बघत होती. मग आत्यानं पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांची पट्टी बाईंच्या टेबलावर ठेवली.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या. "गोजरबाई, तुमच्या अंगातले जागले चुकलेले होते. हिच्या अंगातले शहाणे होते. चोर आधीच घरात होता, तुमच्या वडिलांपासून आलेला, आणि त्यांनी त्याला दाबून धरलं होतं. तुम्ही त्यांना झोपवलंत. तुम्हीच मला विचारलं होतं ना, जागल्या झोपला आणि खरा चोर आला तर?"

आत्याचा चेहरा त्या वेळी कसा दिसला ते मी सांगू शकत नाही. मी तिकडे बघितलंच नाही.

नंदाला भरती केलं. तिची ती गोळी हळूहळू कमी करायची, आणि टीबीची औषधं सुरू. बाई म्हणाल्या, उशीर झालाय, पुढचे काही आठवडे ठरवतील, आत्ता काही सांगता येत नाही. ताप रोज संध्याकाळी चढायचा. पहिले दिवस औषध जणू पाण्यात चाललं होतं. तीर्थपुरीहून निरोप आला, पोरगी बरी होऊ द्या, मंग बगू. असल्या निरोपाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

आत्याशी कुणी वाईट बोललं नाही. वडील तर तिच्यासमोर मुद्दाम हवापाण्याचं बोलायचे. पण तिनं स्वतःच घरात कोपरा धरला. दवाखान्यात गेली तरी नंदाच्या खाटेपासून लांब भिंतीला टेकून उभी राहायची. आपण जवळ गेलो तर अजून काही होईल, असं वाटत असावं.

मग चतुर्थी आली. राजूरच्या गणपतीला जादा गाड्या सुटल्या होत्या आणि त्या दिवशी माझी ड्यूटी त्याच मार्गावर होती. आत्या माझ्याच गाडीत चढली. गर्दीत मी तिला तिकीट दिलं, तिनं पैसे दिले. परत येताना ती पुन्हा माझ्याच गाडीत. आता मात्र तिचा चेहरा बघून मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो सैल झाला होता. "भुजंगा," ती म्हणाली, "नंदी सुदरते बघ आता. बिलकुल सुदरते."

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. आम्ही ताटाकडे बघायला शिकलो होतो, आणि ताटात सगळं पहिल्यासारखंच येत होतं. वडील बाजाराच्या दिवशी तिच्या गोळ्या आणायचे, ती हात पुढे करून घ्यायची, पदराला बांधायची. सकाळी दुधाचा पेलाही घ्यायची. कोण कशाला तिच्या तोंडात बघेल?

आणि नंदाचा ताप खरंच उतरायला लागला. आधी एक दिवस आला नाही, मग दोन दिवस. भूक लागली. बाईंनी थुंकी तपासली आणि म्हणाल्या, औषध लागू पडतंय. आम्ही घरी पेढे आणले. पेढा आत्यानं सोडलेला नव्हता, तिनं खाल्ला आणि थोड्या वेळानं परसात जाऊन ओकून आली.

तेव्हापासून तिचं अन्नावरचं मन उडालं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंत धरायची. गालांची सूज उतरली, जुना ओढलेला चेहरा परत दिसायला लागला. शेजारी म्हणाले, पोरीच्या काळजीनं वाळली. मला तिचा तो जुना चेहरा बघून उलट बरं वाटलं होतं, ओळखीचा होता. माय चेष्टेनं म्हणाली, "वन्सं, आता काय सोडलं म्हणायचं? समदंच?" आत्या हसली. तेच हसू.

दिवाळीच्या तोंडावर नंदाला घरी सोडलं. बाहेर बांधावर गाजर गवत पांढरं फुललेलं. नंदा घरी आली त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी आत्या अंगणात शेण कालवत होती आणि तशीच खाली बसली. मी रजेवर घरी होतो. तिच्या छातीतून आवाजही येत नव्हता. शिट्टीसुद्धा नाही, इतका श्वास कमी होता. अंग गार, घामानं भिजलेलं. वडील रस्त्यावर धावले, जालन्याची जीप थांबवली, आतल्या माणसांना उतरवलं. मी आत्याला उचललं तेव्हा कळलं, ती किती हलकी झाली होती.

नंदा आमच्याबरोबर बसली. डॉक्टरबाईंनी धुळीत जाऊ नको सांगितलं होतं, ऐकलं नाही. तिनं आत्याचं डोकं मांडीवर घेतलं. जीप खड्ड्यांतून उडत चालली होती. मी ड्रायव्हरला "जल्दी, जल्दी" म्हणून ओरडत होतो, जसे प्रवासी मला जन्मभर ओरडले. आत्यानं डोळे उघडले. हात उचलला, उलट्या पंजानं नंदाच्या कपाळाला लावला, ताप बघतात तसा. बराच वेळ लावून ठेवला.

"न्हाई ताप," ती म्हणाली. समाधानानं म्हणाली. जालना यायच्या आधीच ती गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या? आम्ही छातीठोकपणे सांगितलं, बंद कुठे केल्या, रोज घेत होत्या. दहावं-तेरावं झाल्यावर मायनं देवारा धुवायला काढला. गणपतीच्या पाटाखाली, लाल फडक्यात, गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. एकही फोडलेली नव्हती. प्रत्येकीवर हळद-कुंकू वाहिलेलं. माय खाली बसली. आम्हा कुणालाही एकमेकांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

जे सुटता सुटत नाही तेच सोडायचं. तिचाच नियम. वांगं झालं, गूळ झाला, चहा झाला, आणि मग तिच्याजवळ सुटता न सुटणारं एकच उरलं होतं, श्वास. तो तिनं राजूरला जाऊन सोडला आणि माझ्याच गाडीतून तिकीट काढून घरी आली.

मी औरंगाबादला जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी तिला सांगितलं होतं, जीव जाईल म्हणून," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, त्यानं ती घाबरेल. मी तिला किंमत सांगून बसले." मग म्हणाल्या, नंदाचा ताप औषधानं उतरला, ज्या वेळी उतरायचा त्याच वेळी उतरला. हे तिला नीट समजावून सांगा.

मी सांगितलं. कितीदा सांगितलं. नंदा पुढचे महिने औषध न चुकता घेऊन पूर्ण बरी झाली. सूक्ष्मदर्शकाखालची तिची काच निर्मळ निघाली. धर्मराजानं आईचं न ऐकता लग्न केलं, आणि कांताबाईनं भरलेल्या बांगड्या मनगटावर थांबल्या. नंदा माझं सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "औषध तर पयल्या दिवसापासून चालू होतं, भाऊ. ताप उतरला तो चतुर्थीनंतर." मी चिडायचो. मला अजून राग येतो. गवताचा नाही, गोळीचा नाही, देवाचाही नाही. आत्याचा येतो. तिनं आम्हाला एक जिवंत नंदा दिली आणि तिच्या डोक्यात हे कायमचं बसवून गेली.

याला आता बरीच वर्षं झाली. नंदाची नंदाबाई झाली. आमच्या घराण्याचा दमा तिच्यात तिशीनंतर उतरला. पण आता पंप आलेत, सकाळ-संध्याकाळ तोंडात ओढायचा, अंगाला फार त्रास नाही. तिचा निळा पंप नेहमी ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी असतो. आम्ही सगळ्यांनी तो तिथं असलेला बघितलाय.

परवा तिच्या मुलाला, वसंताला, कावीळ झाली. साधी नव्हे, पोटात पाणी झालं. जालन्याला दवाखान्यात ठेवलाय, बाप त्याच्याजवळ आहे. डॉक्टर म्हणतात, हा आठवडा काढू द्या. नंदाबाई कपडे न्यायला दुपारी घरी आली होती, तिला परत न्यायला मी तीर्थपुरीला गेलो. म्हणाली, दोन घास खाऊन निघू. मला वाढलं, स्वतःही घेऊन बसली.

मी सवयीनं तिच्या ताटात बघितलं. वांग्याची भाजी होती. चटणी होती. भाकरीवर गुळाचा खडा होता. शेजारी चहाचा कप झाकून ठेवलेला. काही म्हणजे काही कमी नव्हतं. मला हायसं वाटलं. ती घास चावत होती आणि मधे थांबून श्वास घेत होती. प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या छातीतून बारीक शिट्टी येत होती.

"नंदे, पंप घेतलास का?"

"घेतला की." माझ्याकडे न बघता म्हणाली. चेहरा शांत होता. मुलगा तिकडे मरणाच्या दारात, आणि हिचा चेहरा सैल. असा चेहरा मी एकदा बघितलाय, चतुर्थीच्या गाडीत.

मी ओट्याकडे बघितलं. मिठाची बरणी एकटीच होती.

"नंदे, काय सोडलंस?"

तिनं मान खाली घातली आणि हसली. "सांगितलं की लागू होत न्हाई, भाऊ."

मी हात धुतला नाही. तसाच उष्ट्या हातानं उठलो आणि देवाऱ्याकडे गेलो.